वसंतरावांचे वाल

वसंतराव चौबळ स्कूटर सुरू करण्यापूर्वी तिला एक प्रदक्षिणा घालतात. चहाचा कप ओठाला लावण्याआधी उजेडात धरून तडा बघतात. जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरतात. सोबत पिशवी असेल तर ती दातात जाते. लग्नाच्या हॉलमध्ये दाराजवळची खुर्ची पकडतात, कारण मांडवाला आग लागली तर बाहेर पडता आलं पाहिजे. फाटकाशी बसलेल्या गाईला "सरकता का जरा?" असं मराठीत विचारतात. ती सरकली नाही तर परत घरात येतात. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचतात आणि मग औषध घेत नाहीत. आणि गाडी चाळीसच्या वर नेत नाहीत. कधीच नाही. जयपूरच्या टोंक रोडवर त्यांना एका उंटगाडीने मागे टाकलं होतं. ते पाहिलेले लोक प्रताप नगरात अजून आहेत.

निनाद हे सगळं वरच्या खोलीच्या खिडकीतून बघत असे. तो इंग्रजी साहित्यात एम.ए. झाला होता आणि गोपालपुऱ्यातल्या एका कोचिंगमध्ये निबंध शिकवत होता. वडील बँकेत. त्यांची बदली नागपूरला झाली. निनाद जयपुरातच वाढलेला, तो मागे राहिला आणि चौबळांच्या घरी भाड्याने आला. मराठी माणूस मिळाला म्हणून चौबळांना आनंद झाला. रत्नप्रभाकाकूंनी जेवणाचं विचारलं. वसंतरावांनी एकच प्रश्न विचारला.

"वजन किती तुझं?"

"अठ्ठावन्न, काका."

"कपड्यांसकट?"

"हो."

"छान," वसंतराव म्हणाले. त्यांना खरोखर बरं वाटलेलं दिसलं. का, ते निनादला बऱ्याच महिन्यांनी कळलं.

घराच्या पोर्चमध्ये एक जिप्सी जीप उभी होती. सैन्याच्या लिलावातून आलेली, जुनी, हिरवी. तिचा बॉनेट कायम उघडा असे. पाहुण्यांना वाटे, गाडी आ वासून बसली आहे.

वसंतराव मूळचे अलिबागचे. विमा कंपनीत मोटारीचे दावे तपासता तपासता निवृत्त झाले. अपघात झाला की यांनी जायचं, गाडी बघायची, अहवाल लिहायचा. चेपलेली, उलटलेली, विहिरीत पडलेली, चौमूं गावाजवळ तर एक थेट हलवायाच्या कढईत गेलेली. चाळीसचा नियम तिथून आला होता.

म्हणून कोइंबतूरहून पार्सल आलं आणि त्यातून एक चकचकीत लांब दांडा निघाला, तेव्हा निनादला काही उमगेना.

"हा परफॉर्मन्स कॅमशाफ्ट," वसंतराव म्हणाले. बाळंतिणीने बाळ दाखवावं तसं त्यांनी फडकं बाजूला केलं होतं. "इंजिनात फिरतो. हे उंचवटे बघ. उंचवटा आला की वाल उघडतो. पेट्रोल आत, धूर बाहेर. याचे उंचवटे मोठे, म्हणजे वाल जास्त उघडणार. गाडी पळणार."

"पण तुम्ही तर पळवत नाही, काका."

"मी नाही पळवत. तिला पळता आलं पाहिजे."

निनादने यावर थोडा विचार केला. विचार करून काही हाती लागलं नाही.

व्हॉल्व्हला जयपूरचे सगळे मिस्त्री 'वाल' म्हणतात. वसंतरावही तेच म्हणू लागले होते. आता चौबळांच्या घरात वाल म्हणजे वाल. कडवे, अलिबागचे, रात्रभर भिजवून मोड आणून सोललेले, नारळाच्या रसातल्या बिरड्याचे. या घरात त्या शब्दाला देव्हाऱ्याच्या खालोखाल मान होता. तरी वर्षभर दोन्ही वाल एका छपराखाली सुखाने नांदले. मग श्रावण आला.

श्रावणात महाराष्ट्र मंडळाचं जेवण असतं. यंदा रत्नप्रभाकाकूंनी जाहीर केलं होतं की त्या सगळ्यांना वालाचं बिरडं खाऊ घालणार. अलिबागहून बहिणीने वाल पाठवले. कापडी पिशवी, तिला टाचलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर बहिणीच्या गोल अक्षरात 'वाल'. स्वयंपाक अध्यक्षीण मंदाकिनीताई बोंद्रे यांच्या मोठ्या घरात व्हायचा होता. मंदाकिनीताई कोल्हापूरच्या. त्यांचे यजमान सैन्यातून निवृत्त झाले होते, त्या स्वतः अजून झाल्या नव्हत्या.

त्याच आठवड्यात वसंतरावांनी जिप्सीच्या इंजिनाचं डोकं उघडलं. आतले आठ वाल बाहेर काढले. काजळी धरली होती. ते केरोसीनमध्ये भिजत घालायला रामकल्याणजी मिस्त्रींकडे न्यायचे होते. नीटनेटका माणूस, त्यांनी वाल कापडी पिशवीत भरले. रामकल्याणजी हिंदी वाचतात, म्हणून चिठ्ठी टाचली. देवनागरीत, ठसठशीत: 'वाल'.

दोन्ही पिशव्या ओसरीतल्या पलंगावर होत्या. दोन्हींवर एकच शब्द होता. दोन्ही शब्द बरोबर होते.

"अहो, वाल मंदाकिनीताईंकडे टाका," काकूंनी आतून सांगितलं. "आणि सांगा, लगेच भिजत घाला म्हणून."

वसंतरावांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. चष्मा पुसून पुन्हा वाचल्या. मग दोन्ही हातांत एकेक पिशवी धरून तोललं. जड ती लोखंडाची, असा त्यांनी हिशेब केला. जड पिशवीत दोन किलो वाल होते.

दुपारी काकूंना मंदाकिनीताईंचा फोन आला. निनाद समोर जेवत होता. फोन स्पीकरवर होता, कारण काकूंचे हात पिठाचे होते.

"रत्नप्रभाताई, वाल मिळाले ओ."

"भिजत घातले ना?"

"घातले की. तासभर झाला. फुगंनात."

"रात्रभर लागतात हो."

"ते असू दे. पण मला एक सांगा, कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या? नाही, लोखंडी आहेत म्हणून विचारते. तुमच्या अलिबागला असेच असतात काय?"

काकूंचा हात परातीत तसाच राहिला. मग त्या उठल्या, पिठाच्या हातांनीच ओसरीत गेल्या. पलंग रिकामा होता.

रामकल्याणजींचं गॅरेज सांगानेरच्या वाटेवर आहे. काकू आणि निनाद पोचले तेव्हा ते खुर्चीवर बसून बिडी ओढत होते. जवळच्या घमेल्यापासून बिडी लांब धरली होती, एवढी अक्कल त्यांनी दाखवली होती. घमेल्यात केरोसीन होतं. केरोसीनमध्ये वाल होते. छान चकाकत होते.

"भाभीजी, साब ने कहा वाल भिगो दो, तो भिगो दिए," रामकल्याणजी म्हणाले. "मैंने सोचा मराठी लोगों का कोई नुस्खा होगा."

काकू घमेल्याशी गेल्या. त्यांनी वाकून एक वाल उचलला, वास घेतला आणि परत ठेवला. निनादने शोकाचं वर्णन पुष्कळ वाचलं होतं. शोक एवढा आवाज न करणारा असतो हे त्याला माहीत नव्हतं.

मंडळाच्या जेवणात बिरड्याच्या जागी छोले आले. पंगतीत कुणी ना कुणी "मीठ बरोबर आहे, पण ऑइल बदलायला झालं" असं म्हणत होतं. काकू ताठ बसल्या होत्या. शेवटी मंदाकिनीताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वालाचं जाऊ द्या. झालं ते झालं. यंदा गणपती तरी नीट आणू या. गेल्या वर्षी भाजीच्या टेम्पोतून आला. देवाच्या मांडीवर भोपळा निघाला ओ."

आणि वसंतराव उठले. सभेत ते कधी उठत नसत, कारण उठताना खुर्ची मागे सरकून कुणाला लागू शकते. आज उठले.

"यंदा गणपती माझ्या जिप्सीतून येईल," ते म्हणाले.

जिप्सीचं इंजिन वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेलं आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग रत्नप्रभाकाकू बोलल्या. सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

"आला तर जिप्सी राहील. नाही आला तर दुसऱ्या दिवशी कबाडीवाला. सगळ्यांसमोर सांगते."

वसंतरावांनी मान हलवली. घरी येईपर्यंत ते स्कूटर पंचवीसने चालवत होते.

आता फक्त स्प्रिंगा निवडायच्या राहिल्या होत्या. पण ते 'फक्त' होळीपासून चाललं होतं.

"बघ," वसंतराव म्हणाले. रविवारची सकाळ होती. गणपती आठवड्यावर आले होते. ओसरीत दोन खोकी उघडी होती, प्रत्येकात आठ स्प्रिंगा. "कॅम वाल उघडतो. बंद कोण करतं? स्प्रिंग. नवा कॅम वालाला लांब ढकलणार. जुनी स्प्रिंग त्याला वेळेवर परत आणू शकत नाही. म्हणून नवी पाहिजे. ही मऊ, ही कडक."

"मऊ लावली तर?"

"इंजिन जोरात फिरलं की वाल घरी यायच्या आत पुन्हा बाहेर जातो. बंदच होत नाही. त्याला वाल नाचणं म्हणतात."

"मग कडक लावा ना."

"कडक कॅमला घासते. कॅम झिजतो. आणि फार कडक असली तर वेटोळी एकमेकांना टेकतात. मग वाल उघडायला जागाच नाही. काहीतरी मोडतं."

दारात काकू उभ्या होत्या. वाल हा शब्द ऐकला की हल्ली त्या जिथे असतील तिथे थांबत.

"मऊ लावल्या तर गाडी चालणारच नाही का?" त्यांनी विचारलं.

"चालेल की," वसंतराव म्हणाले. "पण एका वेगाच्या वर जाणार नाही. कितीही दाबा."

"असं," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

निनादला राहवलं नाही. "काका, मतलब, हे सगळं एक प्रतीक आहे असं नाही वाटत? माणूस पण असाच. कडक राहिला तर झिजतो, मऊ राहिला तर..."

"नाही रे," वसंतराव म्हणाले. "स्प्रिंग म्हणजे स्प्रिंग. तू जेवलास का?"

"नाही. का?"

"जेवू नकोस. बसायचंय."

अशा रीतीने निनादला आपल्या वजनाचं प्रयोजन कळलं. स्प्रिंग किती किलोखाली किती दबते ते मोजायला यंत्र असतं. वसंतरावांकडे यंत्र नव्हतं. त्यांच्याकडे अठ्ठावन्न किलोंचा भाडेकरू होता. फळीवर स्प्रिंग उभी, तिच्यात एक लांब बोल्ट म्हणजे ती कलंडू नये, वर काकूंचा जुना पोळपाट, मध्ये भोक पाडलेला. पोळपाटावर निनाद. वसंतराव पोटावर पालथे, हातात पट्टी.

मऊ स्प्रिंग झाली. निनाद बसला, स्प्रिंग दबली, वसंतराव "हं" म्हणाले. एकामागून एक आठही झाल्या.

मग कडक. निनाद बसला. स्प्रिंगने दखल घेतली नाही.

"कमी पडतोस," वसंतराव खिन्नपणे म्हणाले. "काहीतरी हातात घे."

निनादने वरून इंग्रजीचा मोठा शब्दकोश आणला, जाडजूड. तो मांडीवर घेतला. थोडी दबली. मग मराठीचाही आणला. मग साहित्याच्या इतिहासाचे दोन खंड. एम.ए.ची सगळी पदवी मांडीवर घेऊन तो पोळपाटावर बसला होता, पाय वर, श्वास रोखलेला, आणि वसंतराव खालून ओरडत होते, "आणखी जरा! विचार करू नकोस! विचार केला की हलतोस!"

रामकल्याणजी त्याच वेळी डोकं तपासायला आले, म्हणजे इंजिनाचं. फाटकातून त्यांनी हे दृश्य पाहिलं.

"क्या बात है," ते म्हणाले. "कौन सा आसन है?"

निनाद हसला. पोळपाट तिरका झाला. बोल्ट निसटला. "टण्ण" असा आवाज आला, खंड चारी दिशांना गेले, निनाद पाठीवर पडला, आणि स्प्रिंग त्याच्या कानाजवळून सूं करत घरात गेली. स्वयंपाकघरात काहीतरी दोनदा वाजलं. मग शांतता.

"लागलं का?" वसंतराव धावले.

"नाही, काका."

पण ते त्याच्याजवळ थांबलेच नाहीत, स्वयंपाकघरात गेले. फ्रिजखाली बघितलं. माळ्यावर बघितलं. खरकट्याच्या बादलीत हात घालून बघितलं. काकू ओट्याशी शांतपणे कोथिंबीर निवडत होत्या.

"रत्ना, एक स्प्रिंग आली का इकडे?"

"माझ्या स्वयंपाकघरात तुमच्या वस्तू येत नाहीत," काकू म्हणाल्या.

तीन दिवस शोध झाला. शेजाऱ्यांचा कूलर उघडून पाणी काढलं. स्प्रिंग नाही. कडक आता सातच उरल्या आणि वाल आठ. आठवी सुटी मिळत नाही, पुरा संच मागवावा लागतो, आणि तो गणपतीच्या आत पोचणार नव्हता.

त्या संध्याकाळी वसंतराव जिप्सीच्या मडगार्डवर बसून होते. निनाद चहा घेऊन गेला. त्यांनी तडा न बघताच कप तोंडाला लावला, तेव्हा निनाद जरा घाबरला.

"काका, मऊ लावून टाका ना. गणपतीला कशाला हवाय वेग? लोक तर पायी चालतात."

"ते कळतं रे मला."

"मग?"

वसंतरावांनी उघड्या इंजिनाकडे बघितलं.

"आयुष्यभर मी गाड्या नंतर बघितल्या," ते म्हणाले. "पडल्यावर, चेपल्यावर. धावताना नीट एकही बघितली नाही. वाटलं, एकदा आपली तरी बघावी. आणि ती नीट धावावी. तिच्यात काही मऊ राहून जाऊ नये." मग त्यांनी कप खाली ठेवला. "पण कबाडीवाल्याकडे मऊ-कडक सगळं एकाच भावाने जातं."

मऊ स्प्रिंगा लागल्या. रामकल्याणजींनी कॅम बसवला, "हो जाएगा साब" म्हणत; ते प्रत्येक गोष्टीला हेच म्हणत, वाल भिजवतानाही म्हणाले असतील. चतुर्थीच्या सकाळी वसंतरावांनी जिप्सीला प्रदक्षिणा घातली आणि किल्ली फिरवली.

जिप्सी सुरू झाली. पण तिचा आवाज बदलला होता. आधी ती गुणगुणायची. आता ती "ढब्... ढबढब्... ढब्" असं करत होती, आणि प्रत्येक ढबला सगळी गाडी हलत होती. आरसे हलत होते. वसंतरावांचे गाल हलत होते.

"काका, बिघडली का?"

"नाही," वसंतराव म्हणाले. त्यांचा आवाजही हलत होता. "मो-ठा कॅ-म. हळू अ-सताना अ-शीच. जो-रात गेली की छा-न."

गणपती गोपालपुरा बायपासवरच्या मूर्तिकाराकडून आणायचा होता. मंडळाची दहाबारा माणसं स्कूटरींवर आली. मिरवणुकीने, जयघोषात, हळूहळू यायचं ठरलं होतं. तिकडे काकू आरतीचं ताट घेऊन मंडळाच्या दारात उभ्या राहणार होत्या. मंदाकिनीताई नऊवारी नेसून पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर गणपती. निनाद मागे, हातात झांजा.

"चला वसंतराव," मंदाकिनीताई म्हणाल्या. "देवाला जपून. चालत्या माणसाच्या वेगानं."

वसंतरावांनी क्लच सोडला. जिप्सीने एक उडी मारली आणि बंद पडली.

पुन्हा सुरू केली. पुन्हा उडी. गणपतीचा मुकुट मंदाकिनीताईंच्या हनुवटीला लागला.

"काय ओ! गाडी आहे का घोडं?"

"हळू चालत नाही ती," वसंतराव म्हणाले. कपाळावर घाम होता. "हळू चालवलं की मरते."

"मग काय करायचं?"

मागे स्कूटरवाले थांबले होते. कुणीतरी भाजीच्या टेम्पोला फोन लावू का, असं विचारलं. हा प्रश्न वसंतरावांनी ऐकला. निनादने आरशात त्यांचे डोळे बघितले. त्या डोळ्यांत कबाडीवाला स्पष्ट दिसत होता.

"ताई," वसंतराव म्हणाले, "देवाला घट्ट धरा."

त्यांनी पाय दाबला. ढबढब थांबली. तिच्या जागी एक सलग, भरघोस आवाज आला, निनादने त्या घरात कधीच न ऐकलेला. जिप्सी उडी न मारता निघाली. मागून "गणपती बाप्पा" ऐकू आलं. "मोरया" ऐकू आलं नाही, ते फार मागे राहिलं.

दुसरा गिअर पडला. तीस. पस्तीस. चाळीस.

वसंतराव काट्याकडे बघत होते. निनादही. काटा चाळीसवर क्षणभर अडखळल्यासारखा वाटला; ते बहुधा दोघांच्या मनातच होतं. मग तो पुढे गेला.

"काका! तिसरा टाका!"

"आत्ता नको!" वसंतराव ओरडले. "आवाज ऐक! आवाज ऐक तिचा!"

टोंक रोड सकाळच्या मानाने मोकळा होता. एक उंटगाडी मागे पडली. वसंतरावांनी वळून तिच्याकडे नीट बघून घेतलं. पन्नास. साठ. मंदाकिनीताईंचा अंबाडा सुटला. निनादला वाटलं, त्या ओरडत आहेत. मग कळलं, त्या हसत आहेत. गणपतीला दोन्ही हातांनी कवटाळून, तोंड उघडं टाकून, "हाण! हाण! हाण!" म्हणत होत्या. निनादच्या हातातल्या झांजा वाऱ्यानेच वाजत होत्या.

एकाहत्तरला इंजिनातून खडखड आली. वसंतरावांनी पाय आणखी दाबला. काटा तिथेच थांबला.

"नाचले!" वसंतराव म्हणाले. चेहरा उजळला होता. "वाल नाचले! सांगितलं होतं ना!"

मंडळाच्या दारात कुणीच नव्हतं. रत्नप्रभाकाकू अजून आत निरांजनात वात घालत होत्या. मिरवणूक दीड तासाने यायची होती. देव वीस मिनिटांतच दारात आला. आवाज ऐकून त्या बाहेर धावल्या. जिप्सी ढबढब करत उभी होती. वसंतराव स्टिअरिंग धरून तसेच बसले होते, केस मागे गेलेले. मंदाकिनीताई उतरल्या, मुकुट सरळ केला, स्वतःचा पदर नंतर.

"आणला का यांनी?" काकूंनी विचारलं.

"आणला कसला," मंदाकिनीताई म्हणाल्या. "फेकला! पण पोचला की ओ. शब्द शब्द असतो. जिप्सी राहू दे." आणि मग हळूच वसंतरावांना म्हणाल्या, "विसर्जनाला पण मीच बसणार पुढं."

काकूंनी ते ऐकलं. त्यांनी आधी देवाला ओवाळलं. मग जिप्सीला. वसंतरावांना ओवाळलं नाही.

पंधरा दिवसांनी घरी वेग ओलांडल्याचं चलान आलं. सोबत कॅमेऱ्याने काढलेलं छायाचित्र. त्यात वसंतराव होते, हसणाऱ्या मंदाकिनीताई होत्या, मध्ये गणपती, मागे झांजा घेतलेला, तोंड उघडं पडलेला एक तरुण. वसंतरावांनी दंड भरला आणि छायाचित्राला चौकट केली. ते आता हॉलमध्ये आहे. वसंतराव त्याच्या खालून जाताना अजूनही डोकं वाकवतात, चौकट पडली तर.

पण विसर्जनाला गणपती जिप्सीतून गेला नाही. टेम्पोतून गेला. कारण चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी वसंतरावांनी पुन्हा बॉनेट उघडला होता. एकाहत्तरची खडखड त्यांच्या डोक्यातून जाईना. मऊ स्प्रिंगा काढल्या. कडक बसवायला घेतल्या. सात बसल्या. आठवीसाठी ते नवा संच मागवणार होते. पण नवा संच म्हणजे नवी निवड. कोइंबतूरच्या यादीत आता तिसरी जात आली आहे, वर निमुळती, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. ती ना मऊ, ना कडक. निनादला त्यांनी अजून जेवायला बंदी केलेली नाही, पण नजर पोटावर असते.

परवा काकूंनी निनादला वरच्या फळीवरचा डबा काढून द्यायला सांगितलं. बहिणीने पुन्हा वाल पाठवले होते. निनादने डबा उतरवला. तो वालांच्या मानाने जरा जास्तच वाजला. झाकण उघडलं, तर वालांच्या मध्यावर ती उभी होती. कडक. चकचकीत.

"काकू! ही तर..."

"ठेव तिथंच."

"पण काका महिनाभर शोधतायत!"

"शोधू दे. चालणं होतं त्यांचं." काकूंनी दोन मुठी वाल काढून घेतले आणि स्प्रिंग पुन्हा नीट आत दडपली. "एकाहत्तर पुष्कळ झालं. मऊ लावा म्हणावं परत. ज्या दिवशी लावतील त्या दिवशी मी पुढे बसणार आहे. नवी साडी आणून ठेवलीय मी. जगाला फिरवून आणलंन् आणि मी दारात ताट घेऊन उभी."

"त्यांना सांगू का?"

"वेडा आहेस का? स्वतःहून सुचलं पाहिजे."

निनाद खाली आला. पोर्चमध्ये वसंतराव इंजिनावर वाकले होते. सात स्प्रिंगा ओळीने उभ्या होत्या. आठव्या जागी वाल एकटाच वर आला होता. त्यात धूळ जाऊ नये म्हणून वसंतरावांनी त्याच्यावर एक वाटी पालथी घातली होती.

"काकूंची वाटी आहे ना ही?" निनादने विचारलं.

"हो. दोन दिवसांसाठी घेतलीय," वसंतराव म्हणाले.

वाटी अजून तिथेच आहे.